डाव चालू असताना नेट गेलं तर? पोकर रूमच्या नियमांची तुलना

ऑनलाइन पोकर रूम, म्हणजे पोकर खेळायची साइट, निवडताना लोक बोनस बघतात, रेक (रूमचं कमिशन) बघतात. डावाच्या मध्येच कनेक्शन तुटलं तर काय होणार, हा नियम मात्र बहुतेकांना पैसे गेल्यावरच कळतो. तो आधी वाचा, कारण प्रत्येक रूमचं उत्तर वेगळं असतं.

समजा पॉटमध्ये (डावात जमा झालेल्या रकमेत) 60 चिप्स आहेत, त्यातल्या 30 तुमच्या. समोरच्याने 45 ची बेट (पैज) लावली आणि तेवढ्यात तुमचं नेट गेलं.

जुन्या पद्धतीत, म्हणजे ऑल-इन संरक्षणात, तुम्ही त्या 60 पुरते ऑल-इन धरले जाता, म्हणजे आणखी चिप्स न घालता तेवढ्यासाठी डावात राहता. समोर एकटाच असेल तर त्याचे 45 त्याला परत मिळतात; आणखी खेळाडू असतील तर त्यांची पुढची बेटिंग साइड पॉटमध्ये (तुमचा वाटा नसलेल्या वेगळ्या पॉटमध्ये) जाते. उरलेले पत्ते उघडतात आणि जिंकेल त्याला 60. ऐकायला न्याय्य वाटतं, पण याच नियमाचा भरपूर गैरफायदा घेतला गेला. फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे पाच पत्ते व्हायला एक कमी) हातात असताना मोठी बेट आली की मुद्दाम नेट तोडायचं आणि पुढचे पत्ते फुकटात बघायचे! रूमनी दिवसाला ठरावीक वेळाच हे संरक्षण देऊन पाहिलं. पण मोठा पॉट वाचवायला एकदाच पुरे होतं. म्हणून बहुतेक ठिकाणी, विशेषतः नो-लिमिटमध्ये (बेटला मर्यादा नसलेल्या खेळात), ते बंद झालं.

आता सर्रास दिसते ती दुसरी पद्धत: थोडा जादा वेळ, तरीही परतला नाहीत तर चेक (बेट न लावता पुढे जाणं), आणि समोर बेट असेल तर फोल्ड (डाव सोडणं). वरच्या डावात तुमचे 30 गेले. कठोर आहे, तरी मी याच बाजूचा आहे, कारण इथे नेट तोडून कुणालाच काही कमावता येत नाही. खरा फरक वेळेत असतो. काही रूम तुटलेल्या कनेक्शनसाठी वेगळे सेकंद देतात, काही तुमचीच टाइम बँक (विचारासाठीचा राखीव वेळ) खर्च करतात. ती आधीच संपली असेल तर हातात काहीच उरत नाही, म्हणून पहिला प्रकार निःसंशय चांगला.

आधीच ऑल-इन गेला असाल, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या असतील, तर काळजी नको. शोडाऊन (पत्ते उघडून विजेता ठरवणं) तुमच्याशिवायही होतो.

कॅश गेममध्ये तो डाव संपला की तुम्हाला सिट आउट करतात (पुढच्या डावांत पत्ते वाटत नाहीत) आणि जागा काही वेळ राखून ठेवतात. टूर्नामेंटमध्ये मात्र तुम्ही नसलात तरी ब्लाइंड आणि अँटे (प्रत्येक डावासाठी सक्तीने लावायच्या चिप्स) कापले जातात. नेट भरवशाचं नसेल तर टर्बो टूर्नामेंट (जिथे ब्लाइंड झपाट्याने वाढतात) टाळाच.

रूमचा सर्व्हरच बंद पडला तर नियम वेगळा. सहसा तो डाव रद्द होऊन चिप्स डावाआधीच्या स्थितीत येतात. टूर्नामेंट रद्द झाली तर रक्कम कशी वाटणार, ते अटींमध्ये वेगळं शोधा.

निर्णय घेण्याआधी प्ले-मनी (खोट्या पैशांच्या) टेबलावर डाव चालू असताना नेट बंद करून बघा: किती सेकंद मिळतात, टाइम बँक कापली जाते का, आणि परत लॉगिन केल्यावर तोच डाव समोर येतो का.