फिल्म किती ताणली गेली? रंग बदलणारा लेप की स्ट्रेन गेज

पॉलिमर फिल्मवर स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने ती किती ताणली गेली ते, मोजायचा आहे. ताणल्यावर रंग बदलणारा कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टलचा लेप द्यावा, की फॉइलचा स्ट्रेन गेज (ताणल्यावर विद्युत रोध बदलणारी धातूची बारीक जाळी) चिकटवावा? बहुतेक जण आधी अचूकता विचारतात. माझ्या मते आधी विचारावं ते हे, की फिल्म किती ताणली जाणार आहे.

लेपातले रेणू थोडेथोडे वळत मळसूत्रासारखे रचलेले असतात. एका वळणाची लांबी साधारण ४०० नॅनोमीटर असेल, तर ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश परत येतो. फिल्म ताणली की लेप पातळ होतो, मळसूत्र दबतं, रंग निळ्याकडे सरकतो. मऊ फिल्म एका दिशेने १० टक्के ताणली, तर ६०० च्या जवळचा नारिंगी दिसेल. तीच दोन्ही दिशांनी १० टक्के ताणली तर थेट ५२० चा हिरवा! म्हणजे रंग सांगतो तो क्षेत्रफळ किती वाढलं ते, कुठल्या दिशेने ताणलं ते नाही. लेप निवडण्याआधी एवढं पक्कं डोक्यात हवं. दिशा हवी असेल तर तीन गेजचं रोझेट (तीन वेगळ्या दिशांना बसवलेले गेज) लावा.

आता ०.१ टक्का स्ट्रेन घ्या. गेज फॅक्टर (रोध स्ट्रेनच्या किती पट प्रमाणात बदलतो तो आकडा) २ असलेल्या ३५० ओहमच्या गेजचा रोध ०.७ ओहमने बदलतो, आणि व्हीटस्टन ब्रिज (रोधातला बारीक फरक मोजणारं सर्किट) तो सहज पकडतो. लेपाचा रंग जेमतेम ०.३ नॅनोमीटर हलतो. डोळ्याला काही कळत नाही. एक टक्क्याच्या आतलं काम आणि जाड, कडक फिल्म असेल तर गेजच घ्या.

मऊ, पातळ फिल्मवर मात्र गेज नकोच. धातूची जाळी, तिची पट्टी आणि गोंद मिळून तेवढी जागा कडक होते. भोवतालची फिल्म ताणली जाते, गेजखालची तेवढी नाही, आणि आकडा कमी येतो. तोही एकाच जागेचा. लेपावर खाचेच्या टोकाशी रंगांचे पट्टे उमटले की ताण कुठे एकवटलाय ते समोरच दिसतं.

लेपाचे हट्टही आहेत. तो जास्तीत जास्त निम्माच प्रकाश परतवतो, म्हणून उरलेला शोषायला मागे काळा थर द्या. तिरकं पाहिलं तरी रंग निळ्याकडे जातो. कॅमेरा अगदी समोर ठेवा. क्रॉसलिंक न केलेलं (रेणू एकमेकांना कायमचे न जोडलेलं) मिश्रण तापमानानेही रंग बदलतं (कपाळावरच्या ताप मोजायच्या पट्ट्या याच गुणावर चालतात), तेव्हा क्रॉसलिंक केलेलंच घ्या.

मोजणीआधी फिल्मवर दोन खुणा करून ती ताणा, सोडा, पुन्हा ताणा. खुणा जागेवर आल्या पण रंग आला नाही, तर दोष लेपात आहे.