जुन्या परफ्यूमचा संग्रह विकताना गंडा नेमका कुठे बसतो

परफ्यूमचा संग्रह विकताना पैसे बुडतात ते व्यवहाराच्या दिवशी नव्हे, भाव ठरतो तेव्हाच. पद्धत ठरलेली असते. घेणारा सगळ्या बाटल्या एकत्र मांडून फोटो मागतो, "सरासरी निम्म्या भरलेल्या दिसतात" म्हणतो आणि सगळ्या लॉटची मिळून एक रक्कम सांगतो. आकडा मोठा वाटतो, विकणारा हो म्हणतो.

हिशोब करून बघा. 12 बाटल्या आहेत असं धरा. 9 आजही दुकानात मिळणाऱ्या, प्रत्येकीत 50 मिली. 3 उत्पादन बंद झालेल्या, प्रत्येकीत 60 मिली. चालू मालाचा भाव मिलीला 1 आणि बंद मालाचा 6 धरला, तर खरी किंमत 450 अधिक 1080, म्हणजे 1530 होते. सगळं चालू मालाच्या भावाने मोजलं की 630. उरलेले 900 घेणाऱ्याच्या खिशात. म्हणून लॉटचा भाव ऐकूनच घेऊ नका. प्रत्येक बाटलीची वेगळी ओळ, मिली वेगळे, भाव वेगळा.

मिली डोळ्यांनी मोजता येत नाहीत. जाड तळ आणि निमुळते खांदे असलेल्या बाटलीत निम्म्या उंचीला निम्मा माल नसतो. गडद काचेत तर काहीच कळत नाही. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या आणि टोपण काढून बाटली तोला. त्याच परफ्यूमची, त्याच आकाराची रिकामी बाटली कुणाकडे असेल तर तिचं वजन वजा करा. अल्कोहोलवर आधारलेला परफ्यूम पाण्यापेक्षा हलका असतो. 1 मिलीला साधारण 0.85 ग्रॅम धरा. भरलेली 312, रिकामी 260 भरली, तर फरक 52 ग्रॅम, म्हणजे सुमारे 61 मिली. काचेच्या वजनात बाटलीगणिक काही ग्रॅमचा फरक पडतो, तेव्हा "55 ते 65 मिली" असं सांगणं प्रामाणिकपणाचं.

भावासाठी लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. मागितलेली किंमत महिनोन्‌महिने तशीच पडून असते. त्यातही बाटली कोणत्या काळातली आहे याने सगळं बदलतं. ओकमॉस म्हणजे परफ्यूममध्ये वापरलं जाणारं, झाडावर वाढणारं दगडफूल. त्यातले अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल, तसंच लायरल हे कृत्रिम सुगंधद्रव्य, यांच्यावर युरोपीय संघाने 2017 मध्ये बंदी घातली. 2019 पासून ते असलेला नवा माल बाजारात आणता येईना आणि 2021 पासून जुनाही विकता येईना. लिलिअल या दुसऱ्या कृत्रिम सुगंधद्रव्यावरची बंदी 1 मार्च 2022 पासूनची. त्यामुळे घटक बदलावे लागले, आणि म्हणून फ्रेंच कंपनी गेर्लँच्या 1919 सालच्या मित्सुकोसारख्या, ओकमॉसवर उभ्या असलेल्या परफ्यूमची जुनी बाटली आणि आजची बाटली हे जाणकारांच्या लेखी दोन वेगळे माल आहेत. नाव एकच म्हणून दोन्हींना एकच भाव लावणारा एक तर अडाणी असतो, नाही तर फार हुशार.

काळ ओळखायला बॅच कोड, म्हणजे माल कोणत्या खेपेत बनला ते सांगणारा छापील क्रमांक, लागतो. तो बाटलीच्या तळाशी आणि खोक्यावर असतो, दोन्हीकडे एकच हवा. मात्र सौदा ठरण्याआधी पूर्ण कोडचा स्वच्छ फोटो कुणाला देऊ नका, शेवटचं अक्षर झाकून द्या. खऱ्या बाटलीचे कोड नकली मालावर छापले जातात.

मग भाव पाडायची हत्यारं निघतात. "रंग काळवंडलाय, माल गेला." व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, असलेला परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होतोच, त्यावरून तो खराब ठरत नाही. आधी 3-4 फवारे वाया घालवा, कारण नळीत अडकलेला माल शिळा असतो. मग कागदावर फवारून 15 मिनिटं थांबा. सुरुवातीचा आंबट वास उडाला आणि मधला सुगंध शाबूत असेल, तर फक्त फवारल्याबरोबर येणारा लिंबूवर्गीय सुगंध गेलाय. तसं स्पष्ट लिहून थोडा भाव कमी करा. फुंकून टाकू नका.

दुसरं हत्यार म्हणजे "फोटोवरून नकली वाटतंय, तपासणीची फी आधी भरा." निव्वळ फोटोवरून आतला माल अस्सल आहे की नाही हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. फी मागितली की बोलणं तिथेच थांबवा.

सगळ्यात वाईट प्रकार बाटली पोचल्यानंतरचा. घेणारा "नकली निघाली" म्हणून पैसे परत मागतो आणि परत येते ती माल काढून अल्कोहोलने भरलेली बाटली. पाणी घातलं असेल तर सुगंधी तेलं वेगळी होऊन द्रव गढूळ होतो आणि चोरी पकडली जाते. अल्कोहोल घातलं तर द्रव स्वच्छच राहतो, वजनही जवळपास तेच भरतं, फक्त वास पातळ होतो. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका. फवाऱ्याची धातूची कडी बाटलीच्या मानेवर दाबून बसवलेली असेल, तर ती उचकटल्याशिवाय माल काढणं कठीण. त्या कडीचे चारही बाजूंनी जवळून फोटो काढून ठेवा. फवारा आट्यांचा असेल तर मानेभोवती कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर सही करा आणि पट्टी फाटलेली बाटली परत घेणार नाही, हे पैसे घेण्याआधी लेखी कबूल करून घ्या. काट्यावरचा आकडा, बॅच कोड आणि पट्टी एकाच फ्रेममध्ये येऊ द्या, आणि तिथून खोकं बंद होईपर्यंतचं चित्रण मध्ये कुठेही न तोडता करा.