ग्रॅव्हल सायकल, पेंचचा नहर आणि पन्नास रुपयांचा पितळी ॲडॅप्टर

ही ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी केलेली जरा जाड टायरची सायकल, चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बराच वेळ मी व्हॉल्व्हवरच, म्हणजे टायरमध्ये हवा भरायच्या नळीवरच, बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की याला सायकल विकायची आहे. विकायची नाही.

घेऊन वर्ष होत आलं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही झाले. स्पेसिफिकेशन तुम्हाला तोंडपाठ असतीलच: अलॉय फ्रेम, केबलवाले डिस्क ब्रेक, पॅडलपाशी दात्यांचं एकच चक्र, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. पन्नास हजारांच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक सायकली थोड्याफार फरकाने अशाच असतात.

वापर म्हणाल तर जवळजवळ सगळा नहराच्या काठाने. मी नागपुरात मानकापूरच्या पुढे राहतो. कोराडी-खापरखेडा रस्त्यावर सकाळी सहालाही राखेचे आणि कोळशाचे ट्रक असतात आणि त्यांच्या बाजूने सायकल चालवायची म्हणजे घरच्यांना विमा काढून दिल्यासारखं. त्यापेक्षा हा नहर, पेंच प्रकल्पाचा उजवा कालवा, बरा. नवेगाव खैरीच्या धरणातून निघून तो नागपूरकडे येतो. शहराचं पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं याच वाटेनं आलं. काठाने पाटबंधारे खात्याचा मुरमाचा रस्ता आहे, सलग नाही, पण जिथे आहे तिथे ना ट्रक ना हॉर्न. मागे कोराडीच्या वीज केंद्राच्या धुराड्या, पुढे कापूस, तूर, आणि पाणी सोडलेलं असेल तर रब्बीत गहू. समोरून आलाच तर गेट फिरवायला निघालेला पाटकरी मोटरसायकलवर येतो आणि "कुठून आलात जी?" एवढं विचारून जातो.

फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदीच्या काठाने लोक सायकली चालवतात त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो कालवा १६८१ साली पुरा झाला, बोटींसाठी. काठावर घोडे चालत आणि बोटी ओढत, म्हणून तिथे वाट झाली. आपला रस्ता गाळ काढणारं मशीन फिरावं म्हणून केलेला आहे, त्यामुळे मध्येच चेनवाल्या मशीनचे पट्टे उमटलेले असतात आणि त्यावरून गेलं की दातांवर दात आपटतात. ४० चा टायर ३५ पीएसआय हवेच्या दाबावर ठेवला की हे सुसह्य होतं. ५० वर ठेवलात तर सायकलला नावं ठेवू नका.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. नहराचा उतार किलोमीटरमागे वीत-दीड वीत असतो, पाणी आपोआप वाहावं एवढाच. म्हणजे चढ नाही, पण उतारही नाही. पॅडल थांबवायला कारणच मिळत नाही, सीटवरून उठायला निमित्त मिळत नाही. दोन तासांनी पाय ठीक असतात, बूड नसतं. कंपनीचं सीट मी दुसऱ्याच महिन्यात बदललं. बाकी गिअर चांगले, ब्रेक ओले झाले की किंचाळतात पण लागतात.

आता व्हॉल्व्ह.

या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो, तो बारीकवाला, ज्याच्या टोकाला छोटी पिन असते. आपल्या पंपावर, पंचरच्या दुकानात, गॅरेजमध्ये, सगळीकडे जाड व्हॉल्व्हचा पाइप असतो. तो यावर बसत नाही. बसवायला पितळी ॲडॅप्टर लागतो, पन्नास रुपयांच्या आत मिळतो. कंपनीने डब्यात घंटी दिली, रिफ्लेक्टर दिले, चार भाषांतली माहितीपुस्तिका दिली, ॲडॅप्टर दिला नाही.

हिवाळ्यात पारशिवनीच्या अलीकडे पुढच्या चाकातली हवा उतरली. काटा होता, सीलंटने (ट्यूबलेस टायरच्या आत घातलेलं पातळ रबर, ते भोकात जाऊन वाळतं) भोक बंद केलं होतं, हवा तेवढी भरायची होती. खिशातला छोटा पंप लावला आणि काढताना व्हॉल्व्हची पिन वाकली. नहर सोडून ढकलत गावात आलो. पंचरच्या दुकानात एक म्हातारेसे काकाजी होते. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, ह्याची नळी तं पेन्सिलीच्या शिशावानी हाये. आमचा पाइप कसा बसन?"

मी म्हटलं, काकाजी, ॲडॅप्टर लागतो. ते म्हणाले, "थो नाही आपल्यापाशी. थांबा."

त्यांनी पकडीने पिन हळूच सरळ केली. मग व्हॉल्व्हवरची काळी प्लास्टिकची टोपी घेतली, ब्लेडने तिचं टोक कापलं, पिनची घुंडी सैल केली आणि तीच टोपी उलटी करून व्हॉल्व्हवर फिरवली. कम्प्रेसरचा पाइप त्या कापलेल्या टोपीवर दाबून धरला आणि हवा गेली! अंगठ्याने टायर दाबून पाहत ते थांबले. दहा रुपये घेतले. ही युक्ती जगात इतरही लोक करतात हे नंतर कळलं, पण काकाजींनी ती तिथेच, डोळ्यांदेखत, दोन मिनिटांत शोधून काढली.

नागपूरला आल्यावर नवा कोअर घ्यायला जिथून सायकल घेतली त्या दुकानात गेलो. कोअर म्हणजे ती आतली पिनवाली फिरकी, एवढीच बदलायची. उत्तर मिळालं, सुटा कोअर येत नाही, ट्यूबलेस व्हॉल्व्हची पूर्ण जोडी घ्या आणि बसवायची मजुरी वेगळी. कंपनीला मेल केला तर "वापराने झिजणारे भाग वॉरंटीत येत नाहीत" एवढंच. अहो, झिजला कुठे? वाकला! शेवटी ऑनलाइन सुटे कोअर मागवले, जोडीच्या किमतीत अर्धा डझन आले.

प्रेस्टाच्या बाजूने लोक सांगतात की त्याला रिममध्ये साडेसहा मिलिमीटरचं भोक पुरतं, जाड व्हॉल्व्हला साडेआठ लागतं, म्हणून रिम मजबूत राहते. रेसिंग सायकलच्या अरुंद रिमला हे पटतं. ४० चा टायर बसणाऱ्या रुंद रिमला त्या दोन मिलिमीटरने काय फरक पडतो? ग्रॅव्हल सायकल मुळात गावाकडे जायला केलेली आहे, आणि तिला गावात हवा भरता येत नाही.

ट्यूबलेसबद्दल मात्र माझं मत पार बदललं. घेतली तेव्हा ठरवलं होतं की हा श्रीमंती चोचला आहे, सीलंट संपलं की सरळ ट्यूब टाकायची. नहराच्या दोन्ही काठांना बाभूळ आहे, देशी आणि विलायती, आणि फांद्या छाटल्या की त्या रस्त्यावरच पडून वाळतात. दिवाळीनंतर मागचा टायर उतरवला तर आतून काट्यांची मोडलेली टोकं जागोजागी, आणि प्रत्येकाभोवती पांढऱ्या रबराचा वाळलेला ठिपका. मोजायचा कंटाळा आला. यातल्या एकाही वेळी मी रस्त्यात थांबलो नव्हतो. ट्यूब असती तर प्रत्येक टोकाला एक पंचर, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

पण सीलंट नागपूरच्या उन्हात टिकत नाही. बाटलीवर काही महिने टिकतं असं लिहिलेलं असतं, ते आपल्या एप्रिल-मेसाठी लिहिलेलं नाही. महिन्याभरात टायर हलवला की आत पातळ काही हलल्याचा आवाज येत नाही, आणि गच्चीखाली पत्र्याच्या शेडमध्ये सायकल ठेवत असाल तर त्याहून लवकर. कोअर काढून सिरिंजने साठेक मिलिलिटर टाकायचं, टायर उतरवावा लागत नाही. दुकानदार स्कूटरची जेली सुचवतील, स्वस्तही आहे. घेऊ नका. तिच्यात तंतू असतात, ते बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकतात. परत व्हॉल्व्हच.

पावसाळ्याचं थोडक्यात: नहराचा रस्ता भरावावर असल्याने पाणी निचरतं, मुरूम आहे, चालतो. खाली पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेवर, उतरलात की संपलं. काळी माती टायर आणि फोर्कच्या मध्ये भरते, चाक जॅम, आणि काडीने खरवडत बसा. शेतरस्त्यांच्या मातोश्री योजनेत काही पांदणींवर खडी पडली आहे, पण रोलर फिरला नसेल तर ती मोठी गिट्टी मातीपेक्षा वाईट. पाऊस संपून महिनाभर गेल्यावरच पांदण.

आणि काँक्रीटचं अस्तर केलेल्या भागात पाण्याच्या कडेला जाऊन फोटो काढू नका. उतार गुळगुळीत असतो, पाण्याला ओढ असते, पडलेल्याला धरायला काही नसतं. नवेगाव खैरीकडे जंगल जवळ आहे, तिकडून ऊन उतरायच्या आत निघायचं. सायकलीला लाइट चांगला आहे हे कारण पुरेसं नाही.

घ्यावी का? काठ जवळ असेल तर घ्या. शहरातच फिरायचं असेल तर याच पैशांत हायब्रीड, म्हणजे शहरी रस्त्यांची सायकल, येते आणि पैसे उरतात. घेतलीत तर दुकानातून निघताना दोन ॲडॅप्टर आणि दोन कोअर हट्टाने मागा, नाही दिले तर शंभर रुपये कमी करून घ्या. माझा एक ॲडॅप्टर व्हॉल्व्हवरच असतो, एक पाकिटात.

मागचा टायर आता गुळगुळीत झालाय. ४५ चा टाकायचा विचार आहे, कंपनी म्हणते बसतो. याच फ्रेममध्ये कोणी बसवला असेल तर मागच्या ब्रिजपाशी (मागच्या चाकाजवळची फ्रेमची आडवी नळी) किती जागा उरते ते कळवा, आणि तो टायर पावसाळ्यात चालवला असेल तर नक्कीच.