गुरांच्या पाण्याची टाकी, माशांच्या पैदाशीसाठी

गुरांना पाणी पाजण्यासाठी बनवलेली सुमारे 400 लिटरची पॉलिएथिलीनची टाकी मी दोन हंगाम गप्पी आणि गोल्डफिश यांच्या पैदाशीसाठी वापरली. मासे न्याहाळत बसण्याची हौस असेल तर ती घेऊ नये, कारण तिच्यात दिसतात त्या केवळ माशांच्या पाठी. मासे वाढवायचे असतील, तर मात्र काचेच्या टाकीपेक्षा ती मला उजवी वाटली.

याचे मुख्य कारण तिचा उथळ, पसरट आकार. पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात सहज मिसळतो आणि पाणी भरपूर असल्याने तापमान सावकाश बदलते, माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात साठणारा विषारी अमोनियाही एकदम चढत नाही. तरीही एक स्पंज फिल्टर मी अखंड चालू ठेवतो. गोल्डफिश स्वतःचीच अंडी खातात, म्हणून चिकट अंडी लागलेले हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीचे झुबके लगेच उचलून वेगळ्या टबात ठेवावे लागतात. गप्पींना तेवढीही मदत लागत नाही. तरंगत्या वनस्पतींची मुळे दाट असली की बरीच पिल्ले आपली आपण वाचतात. काळ्या तळावर ती अजिबात दिसत नाहीत, हा मात्र वैताग आहे. टाकीत पैदास झालेलीच नाही असे मी महिनाभर समजत होतो; शेवटी पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून पाहिले, तेव्हा काडीएवढी, डोळेच तेवढे ठळक असलेली सात पिल्ले त्यात वळवळत होती.

निचऱ्याचे बूच ही या टाकीची लंगडी बाजू आहे. माझे पहिल्याच आठवड्यात ठिबकू लागले आणि रबरी वॉशर बदलण्यासाठी सगळी टाकी उपसावी लागली, त्यामुळे मासे सोडण्यापूर्वी दोन दिवस नुसते पाणी भरून पाहणे शहाणपणाचे. भरलेल्या टाकीचे वजन 400 किलोंच्या वर जाते. जमीन सपाट नसेल तर भिंत एका बाजूला फुगते. उघड्यावर ठेवल्यास वर जाळी हवीच, कारण चतुराच्या अळ्या पिल्लांचा फडशा पाडतात.

हीच टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचीही मिळते. ती दिसायला देखणी असली तरी माशांसाठी मी घेणार नाही. मृदू आणि आम्लधर्मी पाण्यात जस्त अधिक उतरते, आणि त्याचा त्रास माशांना होतोच, गोगलगायी व कोळंबीही त्यातून सुटत नाहीत.