व्हॅलेहोचा सरफेस प्रायमर, मामाचे ड्वार्फ आणि ठाण्यातला पाऊस

जून ते सप्टेंबर ठाण्यात मिनिएचरवर (टेबलावरच्या खेळातल्या छोट्या पुतळ्यांवर) कॅनमधला स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पकड देणारा थर, मारायच्या भानगडीत पडू नका. हवा एवढी दमट असते की थर पिठूळ आणि खरखरीत बसतो, आणि तसा बसला की चेहऱ्यावरचं बारीक काम गेलंच म्हणून समजा. म्हणून मी ब्रशने लावायचा प्रायमर बघायला लागले आणि व्हॅलेहो या रंगांच्या कंपनीच्या सरफेस प्रायमरवर थांबले. करडा रंग, ६० मिलीची बाटली. ती संपत आली आहे आणि पुढची हीच घेणार आहे.

मी तो कशावर वापरला हे सांगायलाच हवं, कारण नव्याकोऱ्या प्लास्टिकवर कुठलाही प्रायमर बरा दिसतो. माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या बंदराला जहाज लागलं की तो सिटाडेल कंपनीचे धातूचे ड्वार्फ, म्हणजे दाढीवाल्या ठेंगू योद्ध्यांचे छोटे पुतळे, विकत घ्यायचा आणि केबिनमध्ये बसून इनॅमल रंगाने रंगवायचा. काहींच्या पायाखालच्या पट्टीवर ओतलेलं १९८५ साल अजून वाचता येतं. नौपाड्यातल्या घराच्या माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते वर्षानुवर्षं पडून होते. कुणाची कुऱ्हाड तुटलेली, कुणाची दाढी रंगाच्या थरांखाली गडप. "पुन्हा उभे करणार असशील तर ने," मामा म्हणाला. आणले.

त्यांच्यासाठी खेळ निवडला किंग्ज ऑफ वॉर. मँटिक कंपनीच्या टेबलावरच्या या फौजांच्या खेळात मिनिएचर कुठल्या कंपनीचे आहेत हे कुणी विचारत नाही. शिवाय मेलेले सैनिक एकेक करून उचलायचे नसतात. मार तुकडीवर जमत जातो आणि धीर सुटला की अख्खी तुकडी पटावरून जाते. त्यामुळे २० ड्वार्फांची रेजिमेंट १०० बाय ८० मिलिमीटरच्या एकाच पाटावर कायमची चिकटवता येते. ज्याचा पाय तुटलाय त्याला दगडाआड उभा करायचा. जुन्या मिनिएचरना इतका मानाने सामावून घेणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

आता रंग उतरवणं. यासाठी महागडं काही लागत नाही, केमिस्टकडचं डेटॉल पुरतं. पाणी न घालता काचेच्या बरणीत बुडवून झाकण लावून ठेवायचं, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: सुटलेला रंग अंगावर असताना पाणी लागू द्यायचं नाही, नाहीतर त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच खंगाळायचं, मग भांड्यांचा साबण आणि पाणी. हातमोजे हवेतच. इनॅमल हट्टी असतं, पुन्हा बुडवावं लागतं. थिनर किंवा अ‍ॅसिटोन धातूला चालेल, पण त्याच डब्यात प्लास्टिकचा एखादा मिनिएचर असला तर तो विरघळून जाईल.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे तुटकं जोडणं हा माझा रोजचाच धंदा. कुऱ्हाडी नुसत्या फेव्हीक्विकवर टिकत नाहीत, झटका बसला की निखळतात. बारीक भोक पाडून ऑर्थोच्या (दात सरळ करायच्या) कामातली ०.९ मिलिमीटरची तार आत घातली की प्रश्न मिटतो. हरवलेले भाग एम-सीलने घडवले. वॅक्स कार्व्हर (मेण कोरायचं लॅबमधलं हत्यार) पाण्यात बुडवत राहिलं की ते छान वळतं. घट्ट झाल्यावर कानशीने घासताही येतं, हा त्याचा मोठा गुण. मिशीच्या टोकासारखी धारदार कड मात्र त्यात हवी तशी निघत नाही.

म्हणजे प्रायमर लावायच्या वेळी एकाच ड्वार्फच्या अंगावर शिसं, स्टीलची तार आणि एपॉक्सी (म्हणजे एम-सील) असे तीन पृष्ठभाग होते. या प्रायमरचं मोल इथे कळतं. तिन्हीवर तो सारखाच बसला. बाटली हलवून घ्यायची, थेंब पॅलेटवर, मऊ ब्रश, पाणी जवळजवळ नाहीच. पहिला थर लावल्यावर मन खट्टू होतं. शिरस्त्राणाच्या कडेला आणि दाढीच्या वेण्यांमध्ये करडा राप साचलेला दिसतो, वाटतं सगळं बुजलं. साचलेलं तेवढं कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यायचं आणि हात काढून घ्यायचा. वाळताना थर आकसतो, अंगालगत ताणला जातो आणि वेणीचा एकेक पेड वर येतो. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने कोरलेली ती वेणी, माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली पहिल्यांदाच नीट दिसली. मामानेसुद्धा ती इतकी स्पष्ट पाहिली नव्हती, कारण त्याने थेट धातूवरच इनॅमल चढवलं होतं.

घाई असेल तर हा प्रायमर घेऊ नका. हाताला तो लवकर कोरडा लागतो, पण खरी पकड यायला पूर्ण २४ तास द्या. पावसाळ्यात मी त्याहून जास्त देते. त्याआधी नखाने खरवडलं तर सायीसारखा पापुद्रा निघतो, कारण हा पॉलियुरेथेनचा थर आहे. म्हणूनच यावर नंतर पॉलिश पेपर चालत नाही. काय घासायचं ते आधी घासून घ्या. आणि ब्रश लगेच धुवा, वाळला की ब्रश गेला. चांगला सेबलच्या केसांचा ब्रश या कामाला काढूच नये.

जाता जाता: दिवाळीच्या किल्ल्यावरच्या प्लास्टरच्या मावळ्यांवरही लावून पाहिला. भाचीने त्यांना मनसोक्त हाताळलं, रंग हललेला नाही. ड्वार्फ मात्र तिच्या हाती देत नाही. त्या काळच्या या धातूत शिसं आहे. घासताना ओलं ठेवूनच घासायचं, मास्क लावायचा, साबणाने हात धुतल्याशिवाय खायला बसायचं नाही.

शेवटचा मुद्दा पाटांचा, आणि तो फारसं कुणी सांगत नाही. माझे पाट वागळे इस्टेटमध्ये लेझरने कापून घेतलेले, ३ मिलिमीटर एमडीएफचे (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे). एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटत राहते आणि शिशाला तीच बाधते, अंगावर पांढरी भुकटी धरते. म्हणून पाटाला वरून, खालून आणि चारही कडांना प्रायमरचे दोन थर दिले, आणि फौज बंद लाकडी कपाटात न ठेवता झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. पाटांना प्रायमर खूप लागतो, कापलेल्या कडा तर पितातच. त्यामुळे छोटी बाटली फक्त पाच-सहा मिनिएचर असतील तरच घ्या. रेजिमेंट उभी करणार असाल तर ६० मिलीचीच.