म्हापशातलं काष्ठौषधींचं दुकान: बचनाग दिला नाही म्हणून पाच स्टार

गोव्यातल्या म्हापसा मार्केटात केळीवाल्यांच्या ओळीमागे काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे. बोर्ड इतका काळा पडलाय की नाव वाचता येत नाही, पण वेखंड-मुरुडशेंग कुठे मिळेल विचारलं की लोक तिकडेच पाठवतात. गेल्या महिन्यात मी दोन औषधी कंद घ्यायला गेले होते. एक, भाचीच्या घुटीसाठी अतिविष (बाळ आता नऊ महिन्यांचं आहे, डॉक्टरांना विचारलंय, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही दिलं नाही) आणि दुसरा बचनाग, बाबांच्या गुडघ्यांसाठी, कारण शेजारच्या मावशी म्हणाल्या खोबरेल तेलात उकळून चोळा, लगेच आराम पडतो.

दुकानातल्या काकांनी चिठ्ठी वाचली, अतिविषाचा डबा काढला आणि बचनागाच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "बाय, हें हांव दिवचों ना."

मी म्हटलं काका, पोटात घ्यायचा नाहीये, तेलच करायचंय. तर त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि मला स्टुलावर बसवून नीट समजावलं. बचनाग म्हणजे आयुर्वेदातला वत्सनाभ, हिमालयात सिक्कीम-नेपाळकडे उंचावर होणाऱ्या झाडाचा कंद, आणि त्यातलं अकोनिटिन नावाचं विष कातडीतूनसुद्धा आत जातं. आधी तोंडाला, बोटांना मुंग्या येतात, बधिर होतं, मग उलट्या, मग हृदयाचे ठोके चुकायला लागतात, आणि त्यावर नेमका उतारा म्हणून औषध नाही, इस्पितळात ठोके सांभाळत बसावं लागतं. वैद्य लोक तो गोमूत्रात भिजवून किंवा दुधात शिजवून शोधन करतात तेव्हाच वापरतात, तापावरच्या त्रिभुवनकीर्ती या औषधात असतो तो असाच शुद्ध केलेला. "आणि तेलाची बाटली तू ठेवणार कुठे, घरात पोर रांगतंय ना?" एवढं ते बोलले आणि माझं तोंडच बंद झालं.

खरं सांगते, त्याआधी मी दुसऱ्या एका दुकानात (नाव लिहीत नाही) गेले होते, तिथला मुलगा दोन्ही कंद एकाच कागदात बांधायला निघाला होता, भाव जमला नाही म्हणून मी निघून आले. आता आठवलं की अंगावर काटा येतो. कारण गंमत अशी की ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, अगदी सख्ख्या बहिणी म्हणा, आणि जिच्या नावातच 'विष' आहे ती अतिविष मात्र बिनविषारी, पिढ्यान्‌पिढ्या बाळांना उगाळून देतायत. काकांनी अतिविषाचा एक कंद मोडून दाखवला, आत पांढरा, पिठूळ, मधे चार-पाच बारीक ठिपके, चव कडू. बचनागाचा कंद बाहेरून काळपट. चाखून ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

अतिविष 10 ग्रॅम 180 रुपयांना पडलं. स्वस्त नाही, पण ते झाडच आता हिमालयात कमी होत चाललंय, कंद उपटला की झाड गेलं, त्यामुळे भेसळही चालते. इथे प्रत्येक कंद वेगळा करून, पुडीवर नाव लिहून दिलं.

इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेल्या माझ्या मामेभावाला हे सांगितलं तर त्याने मागच्या अंगणातला फोटो पाठवला, निळीजांभळी, फणा काढल्यासारखी फुलं, इतकी देखणी की बघत राहावं. तिथे मंक्सहूड म्हणतात, ते याच जातकुळीतलं. बाग सजवायला लावतात, छाटताना हातमोजे घालतात. आपल्या गरमीत ते टिकणार नाही. पण आपणही चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतो तिला कवंडळाचं विषारी फळ बांधतोच की, लालभडक, कोणी तोंडात घालत नाही, कारण प्रत्येक घरात मुलांना ते सांगितलेलं असतं. बचनागाचं तसं इथे कोणी सांगत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

बाबांना शेवटी काकांनीच सांगितल्याप्रमाणे वैद्यांकडे नेलं, त्यांनी कंपनीचं तयार तेल लिहून दिलं. आणि हो, तयार औषध घेताना लेबल वाचा. 1945 च्या औषध नियमांत विषारी द्रव्यांची यादी आहे, वत्सनाभ त्यात आहे, पोटात घ्यायच्या औषधात तो असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्या अशी सूचना छापावीच लागते. ती नसेल तर घेऊ नका. आणि चुकून कोणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा.

दुकान अरुंद आहे, पार्किंग नाही, दुपारी 1 ते 4 बंद, कार्ड चालत नाही. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत जाऊ नका, काकांना बोलायला वेळ मिळत नाही. मंगळवारी-बुधवारी सकाळी जा आणि चिठ्ठीवर कशासाठी हवंय तेही लिहून न्या, ते विचारतातच.