हातावरचे केस उडाले, दाढी मात्र होईना

वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचं ठरवलं, तेव्हा धार लावणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे एवढी अक्कल होती. म्हणून 'हाताने धार लावलेला, थेट दाढीला तयार' अशा जाहिरातीचा एक जुना वस्तरा ऑनलाइन मागवला. पात्यात तोंड दिसेल अशी चकाकी, त्यावर 'सोलिंगेन' या पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन शहराचा ठसा आणि सोबत एक व्हिडिओ: विक्रेता स्वतःच्या हातावरून पातं फिरवतोय, केस सपासप उडताहेत. त्या व्हिडिओवरच मी भाळलो.

पहिल्याच दाढीत गालांची आग आग झाली. केस कापले जातच नव्हते, नुसते ओढले जात होते. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर तयारच होतं. "सर, पट्ट्यावर तुमचा हात चुकला असणार. नवीन माणसाच्या हातून धार मुडपतेच." खरी मेख इथे होती, कारण हे खरंही असू शकत होतं. चामड्याच्या पट्ट्यावर पातं पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, पुढे ठेवून ओढायचं असतं आणि टोकाला आलं की पाठीवरच पलटायचं. पट्टा सैल राहिला किंवा पातं धारेवर पलटलं की संपलं. मी नवशिका, त्यामुळे दोष माझाच असं मीच स्वतःला पटवलं. पुन्हा धार लावून देतो म्हणाला. त्याचे वेगळे पैसे भरून वस्तरा पाठवला.

परत आला तो आणखीच चकचकीत होऊन! पण पाठवण्याआधी मी दहापट भिंगातून धार पाहिली होती, आणि मुठीकडच्या टोकाला एक बारीक खाच दिसली होती. ती जशीच्या तशी होती. दगडावर नीट धार लावली असती, तर ती निदान उथळ तरी झाली असती. पठ्ठ्याने दगडाला हातच लावला नव्हता, नुसतं पॉलिश मारून पाठवलं होतं.

मग इरेला पेटून 1000 ग्रिटचा दगड आणला (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). धारेच्या दोन्ही उतारांना मार्करची शाई फासली, पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून हलक्या हाताने एक फेरी मारली. उताराच्या मागच्या कडेची शाई गेली, ऐन धारेवरची तशीच राहिली. म्हणजे कुणीतरी पाठ उचलून, पातं जास्त उभं धरून झटपट धार काढली होती. खरं तर वस्तऱ्यात कोन हाताने सांभाळावा लागतच नाही. पाठ दगडाला टेकली की तो आपोआप मिळतो, साधारण 16-17 अंशांचा. म्हणून पाठीची जाडी सगळं ठरवते. मी ती मोजली: एका टोकाला 5.5 मिलिमीटर, दुसऱ्याला जेमतेम 4, आणि पात्याची रुंदी मात्र दोन्हीकडे सारखीच. पाठच घासून खाल्लेली. अशा पात्याला एकसारखा कोन येणार कुठून?

आणि तो व्हिडिओ? 1000 ग्रिटवरून नुकतीच उतरलेली धारसुद्धा हातावरचे केस उडवते, हे मला स्वतः करून पाहिल्यावर कळलं. दाढीसाठी त्यापुढे 4000, 8000, जमल्यास 12000 आणि मग पट्ट्यावर पन्नासेक फेऱ्या लागतात. ठशाचंही तेच. 'सोलिंगेन' नावाला 1938 पासून जर्मनीत कायद्याचं संरक्षण आहे, पण ठसा खरा असला तरी तो पातं कुठे घडलं एवढंच सांगतो. नंतर त्याचे कुणी काय हाल केले ते नाही.

आता विकत घेण्याआधी मी पाठीचे दोन्ही बाजूंचे, तिरप्या उजेडातले फोटो मागतो. पाठीवर दगडाने घासलेली पट्टी एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद दिसली की तिथेच थांबतो. हे फोटो मागितल्यावर दोघा विक्रेत्यांनी उत्तर देणंच बंद केलं.

पैसे परत मिळाले नाहीत. "धार लावल्यानंतर माल परत घेत नाही," म्हणे. माझ्या वस्तऱ्याचा तो व्हिडिओ त्याच्या जाहिरातीत अजून फिरतोय.